कोल्हापूरचे नाव कोणी कमावले?

मुंबई, दिल्ली किंवा बंगळूरच्या एखाद्या हॉटेलात ‘व्हेज कोल्हापुरी’ मागवली, तर लालभडक, तेलाचा तवंग आलेली आणि पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी काढणारी भाजी समोर येते. या नावाची भाजी कोल्हापूरच्या घरांतून परंपरेने चालत आलेली नाही. ती हॉटेलांनी घडवली. कोल्हापूरच्या घरात वर्षभर पुरेल अशी कांदा-लसणाची चटणी बरणीत भरून ठेवलेली असते, ती बेताबेताने वापरली जाते, आणि मटणाचा बेत असला की तांबड्या रश्श्याच्या शेजारी पांढऱ्या रश्श्याची वाटी हमखास असते. हा पांढरा रस्सा नारळाचे दूध, खसखस, तीळ आणि काजू यांनी दाट केलेला, मटणाच्या अळणी पाण्यातला, चवीला सौम्य असा असतो. म्हणजे मूळ जेवणात तिखट आणि सौम्य यांची जोडी आहे, पण शहराची वेस ओलांडून देशभर पोचले ते केवळ तिखट. जोडीतले एक कसे पोचते आणि दुसरे मागे का राहते, हे समजून घेतले तर शहराचे नाव कसे घडते याचे निम्मे उत्तर हाती येते.

त्यासाठी आधी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. शहरातली माणसे स्वतःला काय समजतात, कशासाठी भांडतात, कशाने त्यांचा ऊर भरून येतो, ती शहराची ओळख. आणि शहर कधीही न पाहिलेला माणूस त्याचे नाव ऐकताच जे मनात आणतो, ती शहराची ख्याती. ओळख रोजच्या जगण्यातून, पेठेत आणि घरात तयार होते. ख्याती मात्र प्रवास करून येते आणि प्रवासात जेवढे सामान नेता येते तेवढेच तिच्यासोबत जाते. वस्तू जाते, एखादा शब्द जातो, पदार्थ जातो, गाजलेल्या माणसाचे नाव जाते; रोजची सवय, शेजार आणि वातावरण जात नाही.

कोल्हापुरात हा फरक पाहायचा असेल तर फुटबॉलकडे पाहावे. हंगामात शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ तिथे लोटते. संघांची नावे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम अशी आहेत. नावे तालमींची आणि खेळ फुटबॉलचा, हे बाहेरच्याला चमत्कारिक वाटेल. पण तालीम म्हणजे पूर्वीपासून पेठेतल्या तरुणांचे एकत्र येण्याचे ठिकाण, तेव्हा नवा खेळ आला तोही तिथेच रुजला. विश्वचषक सुरू झाला की गल्लीगल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. कोल्हापूरच्या ओळखीतला हा इतका ठळक भाग आहे, तरी महाराष्ट्राबाहेर कोणाला कोल्हापूर म्हटल्यावर फुटबॉल आठवत नाही. तीच गोष्ट ओतकामाची. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात वाहनांच्या आणि यंत्रांच्या सुट्या भागांचे ओतकाम फार मोठ्या प्रमाणावर होते, हजारो घरांची चूल त्यावर पेटते; पण गाडीच्या इंजिनात बसलेल्या भागावर कोल्हापूरचे नाव दिसत नाही, म्हणून ते ख्यातीत मोजले जात नाही. ख्याती ही शहराची मोजदाद नसून निवड असते, हे इथेच लक्षात येते.

मग ही निवड करते कोण? पहिला हात, निदान कोल्हापुरात, आश्रयदात्याचा होता. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि १९२२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंतच्या अठ्ठावीस वर्षांत या संस्थानी गावाचे रूप पालटले. याबद्दल बोलताना राजाने कलावंतांना बिदागी दिली, मल्लांना खुराक दिला, एवढेच सांगितले जाते. बिदागी अनेक संस्थानिकांनी दिली होती. शाहू महाराजांनी त्याच्या पुढे जाऊन, ज्या जागांत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडत राहील अशा जागा बांधल्या. १९१२ मध्ये खुले झालेले खासबाग मैदान ही अशी जागा आहे: मधे मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती स्पष्ट दिसते. त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले, जे आज गायक-नट केशवराव भोसले यांच्या नावाने संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले जाते. एकच कुस्ती कितीही रंगली तरी तिची आठवण एका पिढीपुरती असते; पण मैदान असले की दरवर्षी कुस्ती होते, कुस्ती होते म्हणून तालमी चालतात, तालमी चालतात म्हणून बाहेरगावचे मल्ल येतात, आणि ते येतात म्हणून कोल्हापूरला कुस्तीची पंढरी म्हणतात. नाव असे वहिवाटीने पक्के होते, त्यामुळे वहिवाटीची जागा नाहीशी झाली तर नावही काही वर्षांत सैल पडते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या वेळी लोकांना जे दुःख झाले ते एका इमारतीपुरते नव्हते, असे मला मनापासून वाटते.

दुसरी वाट शिक्षणाची आहे आणि ती ख्यातीच्या चर्चेत सहसा येत नाही. १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे निघाली: मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांचे, आणि इतरही अनेक. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या गेल्या. खेड्यापाड्यांतून आलेली मुले इथे राहिली, शिकली आणि आपापल्या मुलखात परत गेली. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृह हा तिच्या कामाचा कणा ठेवला. गोळेश्वरहून आलेले खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयात शिकले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. शहराचे नाव बाहेर नेणारी सर्वांत खात्रीची माणसे म्हणजे तिथे काही वर्षे राहून परत गेलेली माणसे. त्यांनी सांगितलेल्या आठवणींतून शहर गावोगाव पोचते आणि त्यावर लोकांचा विश्वासही बसतो, कारण सांगणारा घरचा असतो.

पण घडवलेले सगळेच घडवणाऱ्याच्या पदरात पडत नाही. हा भाग मला सर्वांत अधिक विचार करायला लावतो. बाबूराव पेंटर या चित्रकाराने कोल्हापुरात स्वतः कॅमेरा तयार केला, गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये तिचा पहिला मूकपट आला. याच कंपनीत व्ही. शांताराम, दामले आणि फत्तेलाल घडले. १९२९ मध्ये त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. आज प्रभातचे नाव घेतले की बहुतेकांना पुणे आठवते, कारण तिथे तिचा स्टुडिओ होता, तिथे रस्त्याला तिचे नाव आहे आणि तिच्याच आवारात १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था उभी आहे. पुण्याने काही हिरावून घेतले असे म्हणण्यात अर्थ नाही. वास्तू ज्या शहरात राहते त्या शहराच्या खाती आठवण जमा होते, एवढाच त्याचा बोध आहे. तरीही प्रभातच्या आधीची दहा-बारा वर्षे, ज्यांत ही सगळी माणसे एका चित्रकाराच्या हाताखाली पडदे रंगवत आणि यंत्रे जुळवत शिकली, ती लोकांच्या स्मरणातून पुसट व्हावीत हे मला खटकते.

गाण्याचे तर याहून विलक्षण आहे. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूरचे दरबारी गवई झाले आणि त्यांची गायकी महाराष्ट्रात पसरली ती या आश्रयाच्या बळावर. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांनी ती पुढे नेली, त्यातल्या केसरबाई आणि मोगूबाई गोव्याच्या. म्हणजे गवई उत्तरेतला, आश्रय कोल्हापूरचा आणि गळे गोव्याचे. पण घराण्याचे नाव मात्र जयपूर-अत्रौली, कारण घराण्याला नाव देताना वंश आणि मूळ ठिकाण पाहण्याची रीत आहे. कोल्हापुरात १८८३ पासून चालत आलेला गायन समाज देवल क्लब आहे, खाँसाहेबांचा पुतळा आहे, जाणकारांना हे सारे ठाऊक आहे. तरीही ‘कोल्हापुरी’ या शब्दाच्या जोडीला ख्याल गायकी कोणाच्या मनात येत नाही. येतो तो रांगडेपणा.

या ठिकाणी शब्दाचे काम सुरू होते. शहराचे नाव विशेषण होते तेव्हा ख्यातीला पाय फुटतात. कोल्हापुरी चप्पल, कोल्हापुरी साज, कोल्हापुरी गूळ, कोल्हापुरी फेटा, कोल्हापुरी मिसळ. विशेषण वस्तूबरोबर दुकानात जाते आणि दुकानदार ते ग्राहकाला ऐकवतो, त्यामुळे शहराबद्दल कोणी चार वाक्ये सांगायची गरज उरत नाही. पण विशेषणाचा स्वभाव असा, की ते एकच गुण धरते आणि बाकीचे सोडून देते. तांबडा रस्सा विशेषणात बसला, पांढरा राहिला. हौद्यातली कुस्ती बसली, मैफल राहिली. आणि एकदा असा ठसा उमटला की शहरही त्याप्रमाणे वागू लागते. बाहेरून आलेल्या पाहुण्याला जाळ लागला नाही तर तो निराश होईल, या समजुतीने हॉटेलात तिखट वाढते. ‘जगात भारी, कोल्हापुरी’ असे गाड्यांवर लिहिणारा तरुण बाहेरच्या नजरेतले आपले चित्र आनंदाने स्वतःवर चढवतो. ओळखीतून ख्याती निघते हे सर्वांना मान्य असते. ख्याती उलट फिरून ओळख घडवते, हे मात्र आपण क्वचित बोलून दाखवतो.

आता ज्या वस्तूमुळे हे नाव परदेशात पोचले, त्या चपलेकडे जरा थांबून पाहू. कोल्हापूरकर तिला पायताण म्हणतात. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले चामडे, त्यातून कापलेले तळ, दोन्ही बाजूंना कान, वर पट्टा आणि अंगठा, पट्ट्यावर चामड्याचीच बारीक वेणी, कधी गोंडा. शिवण चामड्याच्या दोऱ्याची. कातडे कमावण्याचे काम परंपरेने ढोर समाजाने केले आणि चप्पल बांधण्याचे काम चर्मकार समाजाने, त्यातली वेण्या घालण्याची आणि शिवणीची नाजूक कामे मोठ्या प्रमाणावर घरातल्या बायकांनी. या चपलेचा एक गाजलेला प्रकार ‘कापशी’ म्हणून ओळखला जातो. कापशी हे कागल तालुक्यातले गाव. आणखी पुढे गेले तर निपाणी, अथणी या कर्नाटकातल्या गावांतही हेच काम पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे, आणि तिथल्या कारागिरांची घरची भाषा काहीही असो, त्यांच्या हातची चप्पल बाजारात जाते ती कोल्हापुरी म्हणूनच.

असे का होते, याचे उत्तर बाजारपेठेच्या रचनेत आहे. माल जिथे तयार होतो त्या गावाचे नाव त्याला क्वचितच मिळते. तो जिथे गोळा होतो, जिथे त्याचा भाव ठरतो आणि जिथून तो लांबच्या व्यापाऱ्याला विकला जातो, त्या पेठेचे नाव मिळते. गुळाचेही तसेच झाले. ऊस करवीर, पन्हाळा, कागल अशा तालुक्यांच्या शिवारात पिकतो, गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतल्या रसाचा रंग आणि धार पाहून उतरवण्याची घटका ठरवतो, आणि त्या एका घटकेच्या अंदाजावर सगळ्या आधणाची प्रत ठरते. पण गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, येतात ते शाहूपुरीसारख्या व्यापारी पेठेत, आणि तिथून निघताना ते कोल्हापुरी झालेले असतात. पेठेने दिलेले नाव खोटे नसते. पेठ नसती तर कापशीची चप्पल आणि गुऱ्हाळातला गूळ पंचक्रोशीच्या पलीकडे गेलाच नसता. परंतु नाव शहराच्या खात्यावर साचते आणि कष्ट शिवारात होतात, ही विभागणी डोळ्यांआड होऊ देता कामा नये, कारण नावाचा पैसा होतो तेव्हा भांडण तिथूनच सुरू होते.

कायद्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे भौगोलिक मानांकन, ज्याला बोलताना सगळे ‘जीआय’ म्हणतात. त्यामागची कल्पना सोपी आहे. एखाद्या वस्तूचा गुण किंवा लौकिक विशिष्ट प्रदेशाशी जोडलेला असेल, तर ते नाव एका माणसाच्या किंवा कंपनीच्या मालकीचे न मानता त्या प्रदेशातल्या उत्पादकांचे सामाईक मानायचे, आणि बाहेरच्यांना ते वापरू द्यायचे नाही. कोल्हापुरी गुळाला असे मानांकन २०१४ मध्ये मिळाले. चपलेला ते २०१८-१९ मध्ये मिळाले आणि ते देताना प्रदेश ठरवावा लागला, तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात धरले गेले. दोन राज्ये सीमेवरून दशकानुदशके वाद घालत आली आहेत, आणि चपलेच्या कागदावर मात्र ती शेजारी बसलेली आहेत. कोल्हापूरच्या काही लोकांना हे रुचले नाही. मला वाटते तो कागद बाजारात रूढ झालेल्या नावापेक्षा खरा आहे, कारण त्याने काम कुठे होते हे पाहिले.

मानांकनाची मर्यादाही जाणून घ्यायला हवी. ते नावाचे रक्षण करते, आकाराचे नाही. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात हुबेहूब कोल्हापुरी धाटणीच्या चपला मांडल्या. त्यांना ‘कोल्हापुरी’ म्हटले नव्हते आणि भारताचाही उल्लेख केला नव्हता. इकडे संताप उसळला, तेव्हा भारतीय हस्तकलेतून ही रचना घेतल्याचे कंपनीने मान्य केले. त्या दिवसांत बरेच लोक ‘जीआय असताना असे कसे झाले?’ असे विचारत होते. उत्तर हे, की नाव वापरलेच नाही तेव्हा नावाचा कायदा थिटा पडतो. नाव गाळून वस्तू उचलणे आणि वस्तू गाळून नाव उचलणे, या दोन वेगळ्या तऱ्हा आहेत. पहिली मिलानमध्ये दिसली. दुसरी आपल्याच बाजारात रोज दिसते: रेक्झिनच्या, चिकटवलेल्या चपला ‘कोल्हापुरी’ म्हणून रस्तोरस्ती विकल्या जातात, आणि बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून खपवला जातो अशी शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. पहिल्या प्रकारावर देशभर आवाज उठला आणि तो उठायलाच हवा होता. पण दुसऱ्या प्रकाराने कारागिराचे अधिक नुकसान होते. हाताने शिवलेल्या जोडाला अनेक दिवस लागतात. त्याच नावाचा स्वस्त जोड शेजारी टांगलेला असला की ग्राहक हातच्या कामाची किंमत अवाजवी समजतो, घासाघीस करतो आणि कारागिराची पुढची पिढी दुसरे काम शोधते.

शहराचे नाव म्हणजे पुष्कळ लोकांनी, पुष्कळ काळ, एकमेकांना न ओळखता टाकलेली सामाईक ठेव असते. तिच्यात राजाचा वाटा असतो, कारागिराचा असतो, पेठेतल्या व्यापाऱ्याचा असतो आणि एकदाच येऊन गेलेल्या पाहुण्याचाही असतो. मात्र ठेव काढताना सगळ्यांची नावे पुढे येत नाहीत. राजाचे नाव चौकाला मिळते, मल्लाचे तालमीच्या भिंतीवर लागते, व्यापाऱ्याचे दुकानाच्या पाटीवर असते. कातडे कमावणाऱ्या हातांचे आणि वेणी घालणाऱ्या बाईचे नाव कुठेच लिहिलेले नसते, आणि ते लिहायचे राहून गेले असे म्हणणेही पुरे नाही; ज्या समाजव्यवस्थेने चामड्याला हात लावणाऱ्याला दूर ठेवले, तिने त्याचे नाव लिहायचे नाही हे आधीच ठरवले होते.

२०२५ मध्ये महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने मानांकन असलेल्या कोल्हापुरी चपलांसाठी क्यूआर कोडची सोय केली. फोनवर तो कोड वाचला की चप्पल कोणत्या कारागिराने किंवा कोणत्या केंद्रात बनवली, कोणत्या जिल्ह्यात बनवली आणि चामडे कोणते वापरले, ही माहिती दिसावी अशी त्यामागची योजना आहे. चपलेच्या तळाला आजवर असलाच तर शहराच्या नावाचा शिक्का असे. आता त्या शिक्क्याशेजारी ती बांधणाऱ्या माणसाचेही नाव वाचता येईल.